बऱ्हाणपूर: खानदेशाची जुनी राजधानी आणि रेल्वेच्या खिडकीतले आपण

निंभोरा_पॅसेंजर (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या गावाहून बऱ्हाणपूर गाडीनं तासाभराच्या वाटेवर. पण वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी ते खिडकीतूनच पाहिलेलं. पाहिलं म्हणजे काय, भुसावळहून खंडव्याकडे जाताना स्टेशन यायचं, फलाटावर कोणीतरी जिलबी खात उभा दिसायचा, गाडी सुटायची. वेरूळ झालं, हंपी झाली, राजस्थान तर दोनदा झालं. शेजारचं राहिलं.

या दिवाळीनंतर नानांनी (वडील, वय ७४) विषय काढला. त्यांच्या लहानपणी आमच्या भागातले लोक लग्नाचा बस्ता बांधायला बऱ्हाणपूरला जायचे. "कापड घ्यायचं आणि राजघाटावर दशम्या खायच्या," म्हणाले. तेवढ्यावर निघालो. मी, बायको, नाना आणि पुण्याहून आलेला भाचा. रावेर सोडलं की दोन्ही बाजूंना केळी, डावीकडे सातपुडा. मध्येच पाटी येते आणि आपण मध्य प्रदेशात शिरतो. केळी तीच, माती तीच, रस्त्यातले खड्डेसुद्धा तेच. हद्द फक्त पाटीवर.

पहिली चूक आमची. भाच्यानं नकाशावर विश्वास ठेवून गाडी थेट जुन्या शहरात घातली. शनवारा वेशीतून आत गेल्यावर पंधरा मिनिटांत एका गल्लीत अशी अडकलो की समोर हातगाडी, मागे रिक्षा, बाजूला यंत्रमागाच्या सुताचे गठ्ठे उतरवणारे हमाल. शेवटी त्यांनीच "आने दो, आने दो" करत बाहेर काढलं. म्हणून सांगतो, गाडी वेशीबाहेर लावा आणि चालत हिंडा. शनवारा, इतवारा, शिकारपुरा, लोहारमंडी, राजघाट अशी वेशींची नावं आहेत. या वेशीतून शिरायचं, त्या वेशीतून बाहेर पडायचं. तट सलग राहिलेला नाही. कुठे बुरूज घरांच्या मागे दडलाय, कुठे तटालाच कोणाची न्हाणी टेकलीय. पण वेशी उभ्या आहेत, आणि त्यांच्याखालून शाळेची मुलं, म्हशी, दुचाक्या सगळं जातं. तिकीट नाही, दोरी बांधलेली नाही. मला हेच आवडलं.

गांधी चौकातली जामा मशीद मात्र थांबून बघा. काळा दगड, दोन उंच मिनार, दालनावर घुमट नाही. आत कमानींच्या रांगा अशा की भाचासुद्धा मोबाईल खाली ठेवून बघत राहिला. मुघलांच्या आधी खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्यातला आदिलशाह, म्हणजे राजा अली खान, यानं ती बांधली. आणि आत चक्क संस्कृत शिलालेख आहे! अरबी आहेच, पण त्याच्या सोबत देवनागरीत संस्कृत. नाना निवृत्त मास्तर. चष्मा पुसून वाचायला लागले, "श्री सृष्टिकर्त्रे नमः". पुढे फारुक्यांची वंशावळ, मग संवत १६४६, शके १५११, तिथी, वार, नक्षत्र, लग्न. नाना म्हणाले, "अरे, हे तर मुहूर्तासकट आहे. पत्रिकाच की!" तिथल्या एका बुजुर्गांनी त्यांना बसायला चटई दिली. दोघं अर्धा तास बोलत होते, एक हिंदीत, एक मराठीत. दोघांचं सगळं दोघांना कळत होतं. (शके १५११ म्हणजे इ. स. १५८९-९०.) अकबरानं जवळचा असीरगड किल्ला घेतल्यावर स्वतःचा लेखही याच मशिदीत कोरवून ठेवलाय.

दुपारी शाही किल्ला. तापीच्या काठावर थेट पाण्यातून उठल्यासारख्या भिंती. बराच भाग पडलाय, पण हमामखान्याचं छत शाबूत आहे. त्यावरची रंगीत वेलबुट्टी मान मोडेपर्यंत बघितली. संध्याकाळी राजघाटावर दशम्या, लसणाची चटणी, तापीला जेमतेम पाणी.

कुंडी भंडारा, म्हणजे शहराला पाणी देणारा जमिनीखालचा जुना बोगदा, मात्र हुकला. खाली उतरायची लिफ्ट बंद होती. कधी सुरू होईल ते खिडकीवरच्या माणसालाही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याचं दुःखही दिसत नव्हतं.

तर जाणकारांनी सांगा. कुंडी भंडाऱ्यासाठी परत जावं का? असीरगड नानांना झेपेल का? आणखी काय राहिलं?

केळीचा_घड

मस्त लिहिलंय भो. फोटो?

निंभोरा_पॅसेंजर

टाकतो, भाच्याच्या मोबाईलमध्ये आहेत.

बखरवाचक

लेख छान. पण एक खडा काढतोच, सवय आहे. लोक या वेशींना "मध्ययुगीन", "फारुकीकालीन" म्हणत फोटो टाकतात. आज दिसतो तो विटांचा तट निजाम-उल-मुल्क आसफजहाचा, १७३१ चा. म्हणजे बाजीराव पेशव्यांच्या काळातला. गाव मात्र जुनं. फारुक्यांच्या नासिर खानानं १४०० च्या आसपास वसवलं आणि खुलताबादला ज्यांची दर्गाह आहे त्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव दिलं. तापीच्या पलीकडचं जैनाबाद हे जैनुद्दीन शिराझींच्या नावावरून. दोघा सुफींच्या नावाची दोन गावं, मध्ये नदी.

दुसरं, शंभूराजांच्या काळातली स्वारी कोणी कशी काढली नाही? १६८१ च्या सुरुवातीला हंबीरराव मोहित्यांची फौज बऱ्हाणपुरावर आली. लुटले ते शहराबाहेरचे पुरे, म्हणजे उपनगरं. बहादूरपुरा सगळ्यात श्रीमंत, शिवाय आणखी सतरा पुरे असं मुघल इतिहासकार खाफीखान लिहितो. सुभेदार खानजहान औरंगाबादेला होता, तो पोचेपर्यंत मराठे माल घेऊन पसार. चिडलेल्या शहरवासीयांनी औरंगजेबाला लिहिलं की आमची अब्रू आणि मालमत्ता सांभाळता येत नसेल तर जुम्म्याचा नमाज बंद करू. त्याच वर्षाअखेर औरंगजेब जातीनं बऱ्हाणपुरात आला, आणि पुढची सव्वीस वर्षं दक्षिणेतच अडकला. बहादूरपूर आजही आहे, शहराला लागूनच. यंत्रमागाची खटखट ऐकू येते. पैसा तेव्हाही कापडाचाच होता. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या लिहितो की इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जायचं. नानांच्या बस्त्याला एवढा मोठा वारसा आहे बघा.

बझाडा

धागाकर्ते, कुंडी भंडाऱ्यासाठी परत जाच. बाकी सगळं नंतर. मी भूजलात काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू, माती यांचा एक जाड पट्टा आहे. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ. याला आम्ही बझाडा म्हणतो. चोपडा, यावल, रावेर, बऱ्हाणपूर असा तो पसरलाय. पाऊस या पट्ट्यात झिरपतो आणि जमिनीखालून तापीकडे सरकतो. १६१५ मध्ये, जहांगीरच्या राज्यात, अब्दुर्रहीम खानखानान इथला सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं हे सरकणारं पाणी वाटेतच पकडलं. (खानखानान म्हणजे शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकातले दोहेवाले रहीम. तेच.)

रीत अशी. डोंगराच्या बाजूला खोल विहीर घ्यायची, जिथे पाणी लागतं. तिथून शहराच्या दिशेनं जमिनीखाली बोगदा काढायचा, पण बोगद्याचा उतार वरच्या जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवायचा. म्हणजे पाणी आपोआप वाहत जातं आणि शहराजवळ पोचेपर्यंत जमिनीच्या जवळ येतं. मोट नाही, बैल नाही, पंप नाही. बोगद्यावर थोड्या थोड्या अंतरानं उभ्या विहिरी, त्याच कुंड्या. हवा खेळायला, गाळ काढायला आणि पाणी शेंदायला. कुंडी भंडाऱ्यावर अशा शंभराच्या वर कुंड्या ओळीनं आहेत. त्यांचे कठडे जमिनीपासून वर उचललेले, पावसाचं गढूळ पाणी आत जाऊ नये म्हणून. शेतातून चालताना ती गोल तोंडांची रांग दिसते, वारुळांसारखी. असे आठ भंडारे होते, सहा उरलेत. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्यातली नावं.

इराणात याला कनात म्हणतात. औरंगाबादची मलिक अंबरची नहर याच जातीची, आणि जवळपास त्याच काळातली. २०२४ मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलाय, "खूनी भंडारा" या नावानं.

आता आपलं दुखणं. याच बझाड्यावर आपली केळी उभी आहे. रावेर-यावलला बोअर किती खोल गेलेत ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसानं जेवढं झिरपतं तेवढंच घेतलं. बोगद्यात पाणी नाही आलं तर नाही आलं, आणखी खाली ओढायची सोयच ठेवली नाही. आपण ती सोय केली, आणि आता तेच पाणी परत मुरवण्यासाठी तापीच्या मेगा रिचार्ज योजनेची वाट बघतोय. तिचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं २०२५ मध्ये केला.

केळीचा_घड

बझाडाभाऊ, आमच्या आजोबांची विहीर चाळीस फुटांवर भरलेली असायची. शेजारच्यानं बोअर घेतला आणि ती बसली. मग आम्हीही बोअर घेतला. काय बोलणार.

अवांतर: फोटो?

माहेरची_पूर्णा

माझं सासर खंडव्याकडचं, त्यामुळे बऱ्हाणपूर वर्षातून चार वेळा. कोणी अजून मुमताजचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं. कारण बाहेरून येणारा प्रत्येक पाहुणा रिक्षात बसताच तेच विचारतो.

तर ती हकीकत अशी. शाहजहान १६३० ते १६३२ बऱ्हाणपुरात मुक्कामाला होता, खानजहान लोदीच्या बंडासाठी. १७ जून १६३१ ला चौदाव्या बाळंतपणात मुमताज इथंच गेली. मूल जगलं, तिचं नाव गौहर आरा. आईला तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत ठेवलं आणि डिसेंबरात तो देह आग्र्याला नेला. म्हणजे सहा महिने ती आपल्या खानदेशच्या मातीत होती. ताजमहाल आधी इथेच बांधायचा होता, पण वाळवी, माती, नदी वगैरे आड आलं, अशी गोष्ट गाईड रंगवून सांगतात. हमामच्या छतावरच्या चित्रात ताजचा नकाशा दाखवणारेही भेटतील. मान डोलवा आणि पुढे चला.

जैनाबादचा आहुखाना म्हणजे हरणं पाळायची बाग. आज शेतांच्या मधे एक पडकी इमारत आणि कोरडा हौद. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "यासाठी एवढी पायपीट केली?" पण त्याच बागेतली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. शाहजादा औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होऊन जाताना इथं थांबला. हिराबाई नावाच्या गाणाऱ्या दासीनं त्याच्यासमोर उडी मारून आंबा तोडला आणि हा गृहस्थ तिथंच गारद! पुढे तिला जैनाबादी महल म्हणत. औरंगजेब आणि आंब्याचं झाड, पटतं का? पण मुघल दरबाऱ्यांच्या चरित्रग्रंथात लिहून ठेवलंय.

आणि एक, जे कोणी दाखवत नाही. मुमताज गेली त्याच काळात गुजरात आणि खानदेशात भयंकर दुष्काळ होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज १६३० च्या शेवटी सुरतेहून बऱ्हाणपूरला आला. वाटेत त्यानं जे पाहिलं ते जेवताना वाचू नये. बादशहानं बऱ्हाणपुरात लंगर उघडले होते. राजघाटावर उभी राहिले की मला राणीपेक्षा ती रांग आधी आठवते.

बखरवाचक

ताई, +१. शेवटच्या परिच्छेदासाठी विशेष.

राजघाटावरच नदीच्या पात्रात दगडी हत्ती आहे, धागाकर्त्यांनी पाहिला का? विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये इथून गेला, त्यानं तो पाहिला होता. तो इतका हुबेहूब होता की पाणी प्यायला आलेला खरा हत्ती त्याच्यावर धावून गेला आणि स्वतःचेच सुळे मोडून बसला, असं लिहितो. आता झिजलाय. कमी पाण्यात दिसतो.

निंभोरा_पॅसेंजर

हात्तिच्या! आम्ही त्यालाच खडक समजून त्याच्याकडे तोंड करून दशम्या खाल्ल्या.

धुयाना_पोऱ्या

भाऊ, आमना थाळनेरले कसाले इसरी ग्यात?

सगळे बऱ्हाणपूर बऱ्हाणपूर करताय, पण फारुक्यांची पहिली गादी थाळनेरची. मलिक राजानं १३८२ मध्ये तिथं स्वतंत्र गादी मांडली. शिरपूर तालुका, तापीचाच काठ. गावाबाहेर त्यांच्या कबरींचे हजिरे उभे आहेत, दगडाचं काम बारीक, बघायला कुत्रं नाही. आमच्या धुळ्याजवळचा लळिंगही त्यांचाच. तटबंदीचंच कौतुक असेल तर पारोळ्याचा भुईकोट बघा, १७२७ चा, हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेला. आणि थाळनेरच्या किल्लेदाराला १८१८ मध्ये इंग्रजांनी फासावर दिलं, तुळशीराम मामा नाव. तुमच्याकडच्या किल्ल्यांवर झाडं उगवलीत, आमच्याकडे किल्ल्यांच्या नावावर फक्त बसथांबे उरलेत.

चहा_कमी_साखर

मला एक कळत नाही. खानदेशाची राजधानी म्हणता, मग ती मध्य प्रदेशात कशी? भाषावार प्रांतरचनेत गेली का?

बखरवाचक

त्याच्या कितीतरी आधी. अकबरानं १६०१ मध्ये खानदेश घेतला तेव्हा सुभ्याची राजधानी बऱ्हाणपूरच होती. शाहजादा दानियालच्या नावानं सुभ्याला "दानदेश" असंही म्हणायचे. (तो दानियाल इथंच दारूपायी गेला. खुस्रो आणि परवेज हे जहांगीरचे दोन मुलगेही इथंच गेले. राजपुत्रांना हे गाव मानवत नसे.) इंग्रजांनी १८१८ मध्ये पेशव्यांकडून खानदेश घेऊन जिल्हा केला तेव्हा बऱ्हाणपूर होतं शिंद्यांकडे, आणि ते १८६० पर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. म्हणून जिल्ह्याचं मुख्यालय धुळे झालं. पुढे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. बऱ्हाणपूर इंग्रजांकडे आलं तेव्हा निमाडला जोडलं गेलं, मध्य प्रांतात. घर एकाला गेलं, ओसरी दुसऱ्याला. २००३ पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे.

जाताजाता, बाजीरावांची समाधी असलेलं रावेरखेडी आपल्या रावेरजवळ नाही. ते नर्मदाकाठी, खरगोन जिल्ह्यात. दरवर्षी कोणीतरी रावेर स्टेशनावर उतरून विचारतो.

सुळक्या

असीरगडाबद्दल मी सांगतो, तीनदा झालाय.

बऱ्हाणपूरहून इंदूर रस्त्यानं वीसेक किलोमीटर. गाडीरस्ता बराच वरपर्यंत जातो, मग पायऱ्या. नानांना सकाळी लवकर नेलंत तर झेपेल, पण काठी आणि पाणी बरोबर ठेवा. वर दुकान नाही. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं, तटावर अजिबात चढू नका. खालून मलयगड, कमरगड आणि वर असीरगड असे तीन टप्पे. वर मशीद आहे, तिच्यातही संस्कृत लेख आहे, नानांना आवडेल. मोठी टाकी, इंग्रजांच्या बराकी, त्यांचं कब्रस्तान. वाटेत कातळावर बादशहांचे फारसी लेख आहेत.

नाव आसा अहिरावरून. या गवळी राजाकडे नासिर खानानं विनंती केली की माझ्या बायकापोरांना आसरा द्या. मेण्यांमधून बायका आल्याच नाहीत, हत्यारबंद शिपाई उतरले. गड गेला. दोनशे वर्षांनी अकबरानं वेढा घातला, तेव्हा तोफांनी काही होईना. शेवटी आतली माणसं पैशानं फोडली. सोन्याच्या किल्लीनं कुलूप उघडलं म्हणतात ते हेच. मग इंग्रज, शिंद्यांकडून १८०३ आणि १८१९, दोनदा.

महादेवाच्या देवळात अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहून जातो. ही गोष्ट तुम्हाला तिथला प्रत्येक गुराखी सांगेल. मी एकाला विचारलं, तू पाहिलंस का? म्हणाला, "जो देखता है वो पागल हो जाता है, मैं तो ठीक हूँ." याला म्हणतात उत्तर.

धुयाना_पोऱ्या

आसा अहिर आमना! अहिराणी त्यांचीच. मेण्यातून शिपाई आणले नसते तर गड पडला नसता, लिहून घ्या.

माहेरची_पूर्णा

गडावरून परतताना मिर्झाराजांची छत्री चुकवू नका. मोहना आणि तापीच्या संगमावर, बत्तीस खांबांची. पुरंदरचा तह करणारे जयसिंग शिवाजी महाराज आग्र्याहून निसटल्यावर मर्जीतून उतरले, परतीच्या वाटेत २८ ऑगस्ट १६६७ ला बऱ्हाणपुरात वारले. आमच्या मुलाला इतिहासाच्या पुस्तकातला धडा तिथं पहिल्यांदा खरा वाटला. संध्याकाळी जा, दोन नद्या आणि शेतं, बाकी कोणी नसतं.

चहा_कमी_साखर

आईला घेऊन एका दिवसात काय होईल? गुडघे दुखतात तिचे. आणि खायचं काय?

निंभोरा_पॅसेंजर

एका दिवसात दोनच ठिकाणं धरा. स्टेशन लालबागेत आहे, शहरापासून तीनेक किलोमीटर, रिक्षा मिळतात. जामा मशीद सकाळी (शुक्रवारची दुपार टाळा, डोक्यावर पदर-रुमाल असू द्या), मग बिलकिस बेगमची खरबुजी घुमटी. खरबुजासारख्या फाकींची छोटीशी इमारत, आतून रंगकाम अजून ताजं. चढ-उतार नाही. बोहरा लोकांची दर्गाह-ए-हकीमी स्वच्छ आणि शांत आहे, आईंना बसता येईल. मोठ्या संगतच्या गुरुद्वारात लंगर असतो. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये दक्षिणेकडे येताना इथं राहिले होते.

खाण्याचं विचारलंत म्हणून. मावा जिलबी! आपली पिवळी कुरकुरीत नव्हे. खव्याची, काळपट तपकिरी, जाड, आत मऊ. एका जिलबीत जेवण होतं. या संस्थळावर जिलबी टाकणं (उगाच धागा काढणं) हा गुन्हा समजतात, तिथं तो धंदा आहे. दुसरा दराबा. रवा, साखर, तूप इतकं फेटतात की तोंडात घातला की गायब. नाना दात नसल्याच्या आनंदात पाव किलो एकटे संपवून बसले.

फसगत मांड्यांत झाली. पाटी वाचून बायको म्हणाली, अरे वा, मांडे! आपण म्हणजे खापरावरचे पुरणाचे मांडे समजणार. समोर आला रुमालाएवढा पातळ मैद्याचा मांडा आणि सोबत रस्सा. नाव तेच, खापरही उलटंच, पण आत पुरण नाही. बायकोनं मांडा उलगडून दोनदा तपासला.

सुळक्या

हसून मेलो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

निंभोरा_पॅसेंजर

ताजा अहवाल. धागा वर काढतोय त्याबद्दल माफी.

काल परत गेलो, नाना आणि मी दोघंच. लिफ्ट चालू होती. लिफ्ट म्हणजे लोखंडी पिंजरा, एका कुंडीत वरून सोडलेला. नाना म्हणाले, तू जा, मी वर बसतो. ऐंशीएक फूट खाली. वरचा उकाडा अर्ध्यातच संपला. खाली पाय टेकला तो पाण्यात, थंडगार, तळाचा खडा दिसेल इतकं स्वच्छ. बोगदा माणूस वाकून जाईल एवढा. भिंतींवर पांढरा क्षाराचा थर, मेणबत्ती वितळून साचावी तसा. बझाडा म्हणाले तेच, पाणी हळूहळू चाललंय. आवाज नाही, पण पायाला कळतं. थोडं पुढं गेलो की वरून उजेडाचा गोल पडतो, ती पुढची कुंडी. मग अंधार, मग पुन्हा गोल. तिसऱ्या गोलाखाली उभा होतो आणि वरून हाक आली, "आहेस का रे?" नाना शेतातून कुंडी-कुंडी करत माझ्या बरोबरीनं वर चालत होते आणि प्रत्येक कठड्यावरून ओरडत होते. मी खालून "आहे" म्हणायचो. असं पाच कुंड्यांपर्यंत चाललं. सहाव्याला मी आधी ओरडलो, तर वरून एका अनोळखी बाईचा आवाज आला, "कौन है?"

बाटली भरून वर आणली. नाना प्यायले, जीभ फिरवली आणि म्हणाले, "तुझ्या आईच्या हंड्याला असाच पांढरा थर धरायचा. हे आपल्याच विहिरीचं पाणी आहे."

येताना दोन किलो जिलबी घेतली. असीरगड पुढच्या महिन्यात, सुळक्याभाऊ येणार असतील तर.

सुळक्या

येतो. काठी दोन आणा.

केळीचा_घड

भो, ते सगळं ठीक. फोटो?

निंभोरा_पॅसेंजर

मोबाईल वर नानांकडे होता. त्यांनी पाच कुंड्यांचे फोटो काढलेत. वरून. काळे गोल आलेत.